विहीणबाईंचं सॉरी आणि मुलाचं सॉरी

सांगलीच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं करून देते.

‘माझे यजमान मार्गशीर्षात गेले. मुलगी टोरंटोला असते, जावई तिथलाच. तिसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. त्या एकसारखं “आय अ‍ॅम सो सॉरी, आय अ‍ॅम सो सॉरी” म्हणत होत्या. मला कळेना, ही बाई माझी माफी का मागतेय? मी म्हटलं, “नो नो, नॉट युवर फॉल्ट.” पलीकडे एकदम शांतता. मग मुलगीच फोनवर आली. नंतर मला म्हणाली, “आई, असं नसतं गं म्हणायचं.” तेव्हापासून मी ओशाळून गेले आहे, त्यांना पुन्हा फोन केलेला नाही.

दुसरी गोष्ट लिहायला हात धजत नाही. मुलगा पुण्यात असतो. ह्यांना दवाखान्यात हलवलं त्या रात्री मी त्याला अकरा वेळा फोन लावला. त्याचा फोन सायलेंटवर होता. सकाळी त्यानं पाहिला. तो पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तेराव्याच्या रात्री, पाहुणे गेल्यावर, वरच्या खोलीत बसून त्यानं मला खाली व्हॉट्सअ‍ॅप केलं, “सॉरी आई.” मी उत्तर दिलं नाही. चार महिने झाले. तो येतो, बँकेचे आणि वारसाचे कागद करतो, जेवतो, जातो. जिचा काही दोष नाही ती दहा वेळा सॉरी म्हणाली, आणि ज्याचा आहे तो एकदा, तेही मोबाईलवर, चालताना कुणाला पाय लागला की म्हणतात तसं. हा शब्द आहे तरी काय? आला कुठून? आणि मी कुणाला काय उत्तर देऊ?’

ताई, नमस्कार.

आधी विहीणबाईंचं बोलू, कारण ते ओझं आजच उतरण्यासारखं आहे. त्या तुमची माफी मागत नव्हत्या. त्या म्हणत होत्या, ‘फार वाईट झालं हो. ऐकून फार वाईट वाटलं.’ कुणाच्या घरी माणूस गेलं की आपण चपला बाहेर काढून आत जातो, भिंतीशी टेकून बसतो, बराच वेळ काही बोलत नाही, आणि शेवटी एवढंच बोलून उठतो. बारा हजारांहून जास्त किलोमीटरवरून भिंतीशी येऊन बसता येत नाही. म्हणून त्या तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. तुमचं उत्तर ऐकून त्या गप्प झाल्या त्या गोंधळून. तुम्हाला एवढ्या दुःखात आपल्याला धीर द्यावा लागला, असंही त्यांना वाटलं असेल. रागाचा त्यात संबंध नाही.

मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. दरवर्षी पाचवीच्या फळ्यावर ‘सॉरी म्हणजे माफ करा’ असं लिहिलं आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. तो अर्थ खोटा नव्हता, अर्धा होता. तुमच्या पत्रात उरलेला अर्धा माझ्यासमोर येऊन उभा राहिला आहे. त्यामुळे हे उत्तर जरा लांबेल.

इंग्रजीत माफीसाठी जे बाकीचे शब्द आहेत, पार्डन, एक्स्क्यूज, अपॉलॉजी, ते सगळे फ्रेंच, लॅटिन, ग्रीक अशा वाटांनी बाहेरून आले. सॉरी मात्र घरचा आहे. जुन्या इंग्रजीत तो ‘सारिग’ असा होता. ‘सार’ म्हणजे जखम, वेदना, ठणका. त्याच ‘सार’चा आजचा ‘सोर’ झाला. घसा दुखतो तेव्हा ‘सोर थ्रोट’ म्हणतात, तो सोर. म्हणजे ‘सारिग’ माणूस हा ज्याला दुखतंय असा माणूस.

हे मराठी माणसाला चटकन समजावं, कारण आपल्याकडेही तसंच आहे. गुडघा दुखतो आणि मन दुखतं. ‘दुखणं’ अंगाचं आणि ‘दुःख’ मनाचं, शब्द एकच. सॉरी हा इंग्रजीतला ‘दुखतंय’ आहे.

सॉरी आणि सॉरो (म्हणजे दुःख) हे दोन शब्द भाऊ असतील असं कुणालाही वाटेल. मलाही कित्येक वर्षं वाटत होतं. पण त्यांचं कूळ वेगळं. सॉरो हा जुन्या इंग्रजीतल्या ‘सोर्ग’पासून आला, आणि जर्मनमध्ये त्याचाच भाऊबंद आजही ‘काळजी, चिंता’ या अर्थानं आहे. दोघं शेजारी राहून राहून एकमेकांसारखे दिसू लागले. सॉरीचा उच्चार आज सोरहून वेगळा ऐकू येतो, त्यात या शेजाराचाही हात आहे. तुमच्या विहीणबाई कॅनडाच्या आहेत म्हणून एक सांगते. कॅनडात बरेच लोक हा शब्द ‘सोरी’ असा म्हणतात, सोरसारखाच ओ लावून. मुलीला विचारून बघा. त्यांच्या तोंडून तुम्ही दहा वेळा जे ऐकलंत त्यात तो ठणक्याचा शब्द जवळजवळ जसाच्या तसा ऐकू येत होता.

जुन्या इंग्रजीतल्या ‘बेओवुल्फ’ या दीर्घकाव्यात हा शब्द भेटतो. हजारेक वर्षांपूर्वीच्या हस्तलिखितातून ते काव्य आपल्यापर्यंत पोचलं आहे. त्यात एका म्हाताऱ्या बापाचा उल्लेख येतो. त्याचा तरुण मुलगा फासावर चढतो आणि बापाला काहीही करता येत नाही. तो बाप जे गातो, त्याला कवी ‘सारिग’ गाणं म्हणतो. त्या बापानं कुणाचा अपराध केलेला नाही, तो कुणाची माफी मागत नाही. घरातलं माणूस जाताना बघणाऱ्याचं ते गाणं आहे. विहीणबाईंनी वापरला तो अर्थ इतका जुना आहे, आणि तोच पहिला आहे.

मग त्यात माफी कुठून शिरली? समजा माझ्या हातून तुमचा काही तोटा झाला. मी म्हणाले, ‘माझ्यामुळे हे झालं, मला फार दुखतंय.’ यात मी माझ्या मनाची अवस्था सांगितली. ऐकणारा त्यातून कबुली समजून घेतो, पण शब्दात ती नसते. पूर्वी माणसं हे वाक्य पूर्ण बोलत: मला दुःख आहे की मी अमुक केलं. मागचं पुढचं गळून नुसतं ‘सॉरी’ उरलं आणि तेवढ्यानं माफीचं काम होऊ लागलं, ही गोष्ट थेट एकोणिसाव्या शतकातली. आपल्याकडे आलं ते हे छाटलेलं रूप. म्हणून आपल्या कानाला त्यात फक्त माफी ऐकू येते.

त्याआधी इंग्रज माणूस ‘आय बेग युवर पार्डन’ म्हणायचा. अजूनही जुन्या वळणाची माणसं म्हणतात. या पार्डनच्या पोटात लॅटिनमधलं ‘दोनारे’ आहे, म्हणजे देणं. आपल्या संस्कृतातलं ‘दान’ आणि ते एकाच मुळाचं. पार्डन मागणारा समोरच्याकडे दान मागतो. आपणही माफी ‘मागतो’, क्षमा ‘मागतो’. मागितलं की समोरच्यानं द्यायचं किंवा नाकारायचं. सॉरी काही मागत नाही. मला दुखतंय एवढं सांगून तो गप्प बसतो. ताई, हे लक्षात ठेवा, मुलाबद्दल बोलताना मी इथेच परत येणार आहे.

दुखतंय आणि चुकलं हे दोन्ही एकाच शब्दात कोंबलेले असल्यानं मोठमोठे देश अडले आहेत. १ एप्रिल २००१ रोजी दक्षिण चीनच्या समुद्रावर अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक वांग वेई गेला. अमेरिकी विमान परवानगी न मिळताच हायनान बेटावर उतरलं आणि त्यातली २४ माणसं चीननं अडकवून ठेवली. चीन म्हणत होता, माफी मागा. अमेरिका म्हणत होती, आमची चूक नाही, माफी मागणार नाही. अकराव्या दिवशी एक पत्र दिलं गेलं. त्यात दोन ठिकाणी ‘व्हेरी सॉरी’ होतं: एकदा वैमानिकाच्या घरच्यांच्या दुःखाबद्दल, एकदा परवानगीवाचून उतरल्याबद्दल. चीननं आपल्या लोकांना सांगितलं, त्यांनी मनापासून दिलगिरी व्यक्त केली. अमेरिकेनं आपल्या लोकांना सांगितलं, आम्ही माफी मागितलेली नाही, दुःख कळवलं आहे. माणसं सुटली. जगातल्या दोन बलाढ्य सरकारांना जो शब्द नेमका कुठल्या अर्थाचा हे ठरवता आलं नाही, किंवा ठरवायचं नव्हतं, तो तुम्हाला नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी फोनवर उमगला नाही. यात ओशाळण्यासारखं काय आहे?

तुमच्या मुलीच्या ओंटॅरिओ प्रांतात तर यावर कायदाच आहे. २००९ सालचा. त्याआधी २००६ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं केला. कायदा म्हणतो की कुणी सॉरी म्हटलं, हळहळ व्यक्त केली, तर दिवाणी दाव्यात ती दोषाची कबुली धरायची नाही. डॉक्टर रुग्णाच्या घरच्यांशी, गाडीवाला धडक बसलेल्या माणसाशी दोन शब्द माणुसकीनं बोलायला घाबरू नये, हा हेतू. मला तो कायदा चांगला वाटतो. एरवी माणसं वकिलाच्या भीतीनं तोंड शिवून बसतात.

पण याच शब्दासाठी एका देशातली माणसं दहा वर्षं ताटकळलीही आहेत. ऑस्ट्रेलियात साधारण १९१० ते १९७० या काळात तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं सरकारी यंत्रणेनं आईबापांकडून काढून नेली आणि संस्थांत, गोऱ्या कुटुंबांत वाढवली. १९९७ मध्ये त्याचा चौकशी अहवाल आला. दुसऱ्या वर्षीपासून २६ मे हा ‘सॉरी डे’ म्हणून पाळला जाऊ लागला, सामान्य माणसांनी वह्यांमध्ये सॉरी लिहून सह्या केल्या. २००० च्या मे महिन्यात सिडनीच्या बंदरावरच्या पुलावरून लाखो लोक चालत गेले, तेव्हा वर आकाशात विमानानं धुरानं तो एकच शब्द लिहिला. पंतप्रधान जॉन हॉवर्ड मात्र ‘खेद’ म्हणायला तयार होते, ‘सॉरी’ म्हणायला नाही. मागच्या पिढ्यांनी केलेल्याची माफी आजच्यांनी का मागावी, असं त्यांचं म्हणणं. १३ फेब्रुवारी २००८ रोजी नवे पंतप्रधान केव्हिन रड संसदेत उभे राहिले आणि तीनदा सॉरी म्हणाले. प्रत्येक वेळी कशाबद्दल तेही म्हणाले. त्या मुलांच्या वेदनांबद्दल. आईबाप आणि भावंडं यांची ताटातूट केल्याबद्दल. एका स्वाभिमानी समाजाची मानहानी केल्याबद्दल. संसदेत आणि बाहेर लावलेल्या पडद्यांसमोर म्हातारी माणसं रडत होती.

तिथल्या मूळ रहिवाशांच्या बोलण्यातल्या इंग्रजीत मृत्यूनंतरच्या सगळ्या विधींना, शोकाच्या दिवसांना ‘सॉरी बिझनेस’ म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. सुतकाला त्यांनी सॉरीचं नाव दिलं आहे. म्हणजे त्या संसदेत ज्यांना हा शब्द ऐकायचा होता, त्यांच्या कानात त्याचे दोन्ही अर्थ जागे होते.

आता रोजच्या वापराचं, थोडक्यात. सॉरीच्या मागून काय येतं ते ऐकलं की अर्थ उलगडतो. ‘सॉरी टू हिअर’ आलं की हळहळ. ‘सॉरी फॉर युवर लॉस’ ही दुःखात सहभागी असल्याची खूण, त्यात माफी नाही. ‘सॉरी फॉर’च्या पुढे बोलणाऱ्यानं स्वतः केलेली गोष्ट आली की माफी. ‘आय फील सॉरी फॉर हिम’ म्हणजे त्याची कीव येते, म्हणून कुणाच्या तोंडावर ‘फीलिंग सॉरी फॉर यू’ म्हणू नये, लागतं ते. शेवट उंचावून नुसतं ‘सॉरी?’ म्हटलं तर ‘काय म्हणालात, ऐकू आलं नाही.’ दुकानात, बसमध्ये ‘सॉरी’ म्हणजे जरा वाट द्या. ‘सॉरी स्टेट’ म्हणजे दैना. आणि एक प्रकार ओळखून ठेवा: ‘सॉरी, तुला तसं वाटलं असेल तर.’ यात चूक बोलणाऱ्याकडून उचलून ऐकणाऱ्याच्या वाटण्यावर ठेवलेली असते. मला ते सॉरी मान्य नाही, कुणाचंही.

आपली भाषा या बाबतीत जास्त मोकळी आहे असं मला मनापासून वाटतं. दुखतंय त्याला ‘वाईट वाटलं’ आणि चुकलं त्याला ‘चुकलं’, दोन गोष्टींना दोन शब्द. ‘माफ’ अरबीतून आला, तो सोडून देण्याचा शब्द: शिक्षा माफ, कर्ज माफ, शेतसारा माफ. ‘क्षमा’च्या मुळाशी सहन करणं आहे. पृथ्वीला क्षमा म्हणतात ते ती सगळं सोसते म्हणून. पूजेच्या शेवटी ‘आवाहनं न जानामि न जानामि विसर्जनम्, पूजां चैव न जानामि क्षमस्व परमेश्वर’ म्हणतो, तेव्हा मला काही नीट येत नाही, तू सोस, असं देवाला सांगतो. रस्ता खणून ठेवलेल्या पाटीवर ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असतं तोच हा शब्द. अर्थ ‘मी दिलगीर आहे’ असा नसून ‘तू क्षमा कर’ असा आहे.

आणि तो ‘दिलगीर’ तर सॉरीचा जुळा भाऊच. फारसीतून आला. ज्याचं दिल, म्हणजे काळीज, पकडल्यासारखं झालंय तो दिलगीर, उदास, खिन्न. जुन्या मराठीत तो याच अर्थानं चालायचा. मग कार्यालयांनी ‘दिलगिरी व्यक्त करणे’ हाती घेतलं आणि तो माफीच्या खात्यात जमा झाला. इंग्रजीत दुखण्यापासून माफी निघाली तशी आपल्याकडेही काळीज दाटण्यापासून निघाली. दोन्हीकडच्या माणसांना कधीतरी हे जाणवलं असणार की ज्याला स्वतःला काहीच दुखत नाही त्याच्या माफीला काही वजन नाही.

आता मुलाकडे येते, ताई. तुम्ही विहीणबाईंच्या सॉरीत माफी ऐकलीत, तिथे शोक होता. मुलाच्या सॉरीतही तुम्ही फक्त माफी ऐकलीत, आणि ती अपुरी वाटली. अपुरी होतीच. पण त्यात दुसरा अर्थ मुळीच नसेल असं मला वाटत नाही. त्याचा बाप गेला होता. तेरा दिवस त्यानं क्रियाकर्म केलं, पाहुणे सांभाळले, आणि सगळे गेल्यावर एकट्यानं खोलीत बसला तेव्हा त्याच्यासमोर तो फोन असेल, ज्यावर तुमचे अकरा मिस्ड कॉल अजून दिसत होते. खाली येऊन तुमच्या डोळ्यांत बघायची त्याची हिंमत झाली नाही. त्यानं जे टाइप केलं ते ‘दुखतंय आई’ असंही असू शकतं. बेओवुल्फमधला बाप मुलासाठी गातो. इथे मुलगा बापासाठी दोन शब्द टाइप करून थांबला असेल. मी त्याला ओळखत नाही, तुम्ही ओळखता. म्हणून ठरवायचं तुम्हीच.

पण तेवढं म्हणून मी त्याला सोडणार नाही. त्याचं ‘चुकलं’ अजून यायचं आहे. मी वर म्हटलं की सॉरी काही मागत नाही. त्यानं तुमच्याकडे काही मागितलेलं नाही, कबूलही केलेलं नाही, म्हणून तुमच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत याचा अपराधी भाव मनात असेल तर तो काढून टाका. त्या दोन शब्दांना उत्तरच नव्हतं.

रात्री फोन सायलेंटवर असणं हा दैवाचा भाग आहे असं मी मानते. आजारी वडील घरी असताना तसा ठेवायचा नाही हे त्याला कळायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल, आणि तुमचं बरोबर आहे. पण चार महिने त्या रात्रीबद्दल घरात एक शब्द निघू नये, कागदांवर सह्या व्हाव्यात आणि जेवणं व्हावीत, याचा भार मी एकट्या त्याच्यावर टाकणार नाही. स्पष्ट बोलले, राग मानू नका. थोडा तुमच्याकडेही येतो.

तर असं करा. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर देऊ नका. तो पुढच्या वेळी येईल तेव्हा कागद पहिल्या दिवशी काढू नका. जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून, त्याला तो संदेश दाखवा आणि एवढंच विचारा, ‘हे सॉरी कशाबद्दलचं होतं रे?’ आवाज चढवू नका आणि त्याच्या वतीनं उत्तरही देऊ नका. आयांना ती सवय असते. मूल अडखळलं की आपणच वाक्य पुरं करतो. तो गप्प बसला तर बसू द्या. दहा मिनिटं लागली तरी लागू द्यात. ‘मी फोन बघायला हवा होता’, ‘मी तिथे नव्हतो’, ‘तुला एकटीला सगळं करावं लागलं’, यातलं जे त्याच्या तोंडून निघेल ते पूर्ण ऐका.

मग तुमचं सांगा. ती रात्र सांगा. कितव्या फोनला वाटलं की आता तो उचलेल, रिक्षा कुणी आणली, दवाखान्यात ह्यांनी त्याचं नाव घेतलं का. हे तुम्ही अजून कुणालाच सांगितलेलं नाही असं तुमच्या पत्रावरून वाटतं. त्याला ते ऐकायची भीती वाटत असेल, तरी ते ऐकायचा पहिला हक्क त्याचाच आहे.

तो ‘चुकलं माझं’ म्हणाला की लगेच ‘जाऊ दे, सोड’ म्हणायची गरज नाही. खरंच जाऊ द्यावंसं वाटलं तर म्हणा. नसेल वाटत तर ‘ऐकलं मी, मला अजून वेळ लागेल’ म्हणा. हे उत्तर खरं आहे आणि मुलगा ते पेलू शकतो. आणि तो बोलताना रडला तर त्याच्या पाठीवर हात ठेवा. त्या घडीला तो तुमचा अपराधी असण्याआधी बाप गेलेला मुलगा आहे.

विहीणबाईंना मात्र याच आठवड्यात फोन करा. सध्या टोरंटोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे चालतं, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी सात वाजता लावलात तर तिथे सकाळचे साडेनऊ झालेले असतील. मुलीला मध्ये घेऊ नका, तुमचं इंग्रजी पुरेसं आहे. त्या दिवशीचं काही समजावत बसू नका. ‘थँक यू फॉर कॉलिंग मी दॅट डे’ एवढं म्हणा. त्या बहुधा पुन्हा ‘सोरी’ म्हणतील. तेव्हा ‘थँक यू’ म्हणा, आणि त्यांनी विचारलं तर ह्यांच्याबद्दल दोन गोष्टी सांगा: काय करायचे, नातवंडांशी फोनवर काय बोलायचे. शोकाचा शब्द घेऊन आलेल्या माणसाला तेच हवं असतं, आपल्याकडेही आणि तिकडेही.